सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोरगी खोकतेच आहे

"मॅडम, सगळं नॉर्मल आहे म्हणतात आणि तरी ही दिवसभर खोकतेय, म्हणजे डॉक्टरांना काहीतरी सापडतच नाहीये ना?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे आईबाबा नेहमी विचारतात. त्यातल्याच एका घराबद्दल आज लिहितेय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

मुलगी नऊ वर्षांची. सर्दी-तापाने आजारी पडली, ताप गेला, सर्दी गेली, खोकला मात्र राहिला तो दोन महिने झाले तरी जाईना. कोरडा, मोठा, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा, मिनिटाला दोन-तीन वेळा. एक्सरे झाला, फुंकून फुफ्फुसं तपासायची टेस्ट झाली, सिरप बदलली, इनहेलर देऊन बघितला, कशानेच फरक नाही. शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं की हा सवयीचा खोकला वाटतोय, समुपदेशकाला भेटा. आईला ते ऐकून रडूच आलं, तिला वाटलं पोरगी नाटक करतेय असं म्हणताहेत.

इथे थोडं थांबून सांगते, कारण लांबलेला खोकला म्हणजे लगेच मनाचा असं कुणी धरून चालू नये. साध्या सर्दीनंतरचा खोकला बऱ्याच मुलांना दोन-तीन आठवडे राहतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, आणि लहान मुलांना वर्षात सहा-आठ सर्द्या होतात त्यामुळे एक संपेपर्यंत दुसरी सुरू होते आणि घरच्यांना वाटतं खोकला कधी गेलाच नाही. पण चार आठवड्यांच्या वर गेला तर कारण शोधायलाच हवं. ओला, घरघरणारा खोकला असेल तर श्वासनळ्यांत इन्फेक्शन राहिलेलं असू शकतं. रात्री, पहाटे किंवा धावल्यावर वाढणारा, छातीत शिट्टीसारखा आवाज येणारा असेल तर दमा. दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि सोबत ताप, वजन घटणं किंवा घरात कुणाला टीबी असेल तर ती तपासणी लगेच. आणि खेळता-खेळता किंवा खाताना एकदम ठसका लागून सुरू झालेला खोकला असेल तर शेंगदाणा किंवा खेळण्याचा तुकडा श्वासनळीत अडकलेला असू शकतो, तेव्हा थांबायचंच नाही. श्वास भराभर चालणं, फासळ्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळे दिसणं, खोकल्यातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर समुपदेशन वगैरे सगळं नंतर, आधी हॉस्पिटल.

तर या मुलीचं हे सगळं तपासून झालं होतं. मग मी आईला विचारलं, झोपल्यावर खोकते का? आई म्हणाली, "नाही हो, झोपली की एकदम शांत, सकाळी डोळे उघडले की पाच मिनिटांत सुरू." आवडीच्या खेळात रमली की? तेव्हाही कमी. झोपेत पूर्ण थांबणं ही सवयीच्या खोकल्याची मोठी खूण असते, अर्थात तेवढ्यावरच निदान करत नाहीत, बाकीचं सगळं डॉक्टरांनी बघितलेलं असावं लागतं.

मग मुलीशी एकटीशी बोलले. तिचं पहिलंच वाक्य होतं, "मी मुद्दाम नाही करत." मी म्हटलं, "मला माहितीये बाळा." आणि ते खरंच आहे, म्हणून प्रत्येक आईबाबांना मी हे आधी सांगते. आजारपणात घसा सुजतो, खोकून खोकून तो हुळहुळा होतो, हुळहुळ्या घशात सारखं काहीतरी टोचतं, टोचलं की मूल खोकतं आणि खोकलं की घसा आणखी हुळहुळा. डास चावल्यावर खाजवत राहिलं की खाज वाढते ना, तसं. मूळ आजार कधीच गेलेला असतो, हे चक्र मात्र फिरत राहतं. तिला हे सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताणच उतरला, कारण तोवर तिला वाटत होतं की आपल्याला काहीतरी भयंकर झालंय आणि मोठी माणसं ते लपवताहेत.

नंतर आम्ही सराव केला. टोचलं की लगेच खोकायचं नाही, कोमट पाण्याचा छोटा घोट घ्यायचा, नाकाने हळू श्वास आत, तोंडाने हळू बाहेर, आणि थोडंच थांबायचं. आधी एक मिनिट, मग दोन, मग पाच. मी शेजारी बसून म्हणत राहिले की बघ, टोचणं आलं आणि तू न खोकता ते गेलंसुद्धा. काही मुलं पहिल्याच भेटीत बरीच सावरतात, हिला थोडे आठवडे लागले.

खरं काम घरात होतं. बाबा खोकल्याचे व्हिडिओ काढत होते, आजी मोजत होती, आई प्रत्येक खोकल्याला मान वळवून बघत होती (माझ्यासमोर बसूनसुद्धा), शाळा वर्गात त्रास होतो म्हणून घरी पाठवत होती. सगळे काळजीपोटीच, पण मुलीचा अख्खा दिवस खोकल्याभोवती फिरत होता. मी सांगितलं, मोजणं बंद, व्हिडिओ बंद, "आज बरं वाटतंय का गं" हे पण बंद. रागावायचं तर अजिबात नाही. शाळेशी आई बोलली, बाटली बाकावर ठेवायची आणि वर्गातच बसायचं असं ठरलं. डॉक्टरांना विचारून उगाच चाललेली सिरपही थांबवली, तशीही खोकल्याची बाजारातली औषधं लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊच नयेत. एक वर्षाच्या वरच्या मुलाला सर्दीच्या खोकल्यात झोपताना चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आत मात्र मध बिलकुल नाही.

आई सारखी विचारायची, आमचं काय चुकलं, तिला कसलं टेन्शन आहे? शाळा, मैत्रिणी, घर, सगळं मी हळूच विचारून बघितलं, मोठं काही निघालं नाही. कधी निघतं, तेव्हा त्यावर वेगळं काम करावं लागतं, पण प्रत्येक वेळी मागे काही दडलेलं असतंच असं नाही आणि ते खोदत बसलं की मूल आणखी घाबरतं. हां, खोकल्यासोबत डोळे मिचकावणं, मान झटकणं असं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, तो टिकचा, म्हणजे आपसूक पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींचा किंवा आवाजांचा प्रकार असू शकतो.

पुढची सर्दी झाली तेव्हा खोकला परत आला आणि आईचा घाबरून फोन आला. मी म्हटलं ताई, ही सर्दी आहे, तिला सर्दीसारखंच वागवा, पाणी, विश्रांती, आणि घरात कुणी सिगरेट ओढू नका. चार आठवडे ओलांडले किंवा खोकल्याचा आवाज बदलला तर आधी डॉक्टर, मग मी.