आडनाव, पत्ता आणि पहिली नोकरी

मुलुंडहून टोरांटोला निघताय, मेकॅनिकलचा बारा वर्षांचा अनुभव आहे, मुलगी आठवीत आहे. रंगामुळे, नावामुळे नोकरीत फरक पडतो का, असं विचारलंत. पडतो. व्हिसाची माहिती सरकारी संकेतस्थळावर आहे, ती सोडून देते.

टोरांटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी हजारो बनावट अर्ज कंपन्यांना पाठवून पाहिले. त्यांचा 2009 चा निष्कर्ष असा: शिक्षण-अनुभव कॅनडातला आणि नाव इंग्रजी, तर 16 टक्के अर्जांना बोलावणं आलं. तेवढंच सगळं, पण नाव भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी, तर 11. शिक्षण-अनुभवही मायदेशातला असला, तर 5. ब्रिटनहून आलेल्यांचं मात्र काही अडलं नाही. नामांकित कॉलेज, बहुराष्ट्रीय कंपनी असं लिहूनही ही तूट भरून निघत नाही, हे पुढे 2011 मध्ये छापून आलं.

म्हणून पहिली नोकरी एक पायरी खालची घ्या, पण आपल्याच क्षेत्रातली: ड्राफ्टिंग, क्वालिटी इन्स्पेक्शन, मेंटेनन्स प्लॅनिंग. गोदामातलं काम एजन्सी चटकन देते, पण दिवसपाळीमुळे मुलाखती चुकतात आणि बायोडेट्यावर तेच साचत जातं. घ्यावंच लागलं तर रात्रपाळी घ्या. सहा महिन्यांचं भाडं गाठीशी असलेला थांबू शकतो, नसलेला नाही. दोघांची पदवी एकच असली तरी वाटा इथेच फुटतात.

ओंटारिओतल्या (टोरांटो याच प्रांतात आहे) इंजिनियरांना परवाना देणाऱ्या संस्थेने कॅनडातल्या अनुभवाची अट मे 2023 मध्ये काढली. 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना ती जाहिरातीतही लिहिता येत नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातून ती जायला वेळ लागेल.

मुलीच्या शाळेचं सांगते, कारण ते मला अजून सलतं. शाळा पत्त्यावरून मिळते, म्हणजे भाड्यावरून. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांचीही इंग्रजीची चाचणी होते. वेगळ्या वर्गात बसवलं तर कारण लेखी मागा, फेरतपासणी मागा. नववीतली अकॅडेमिक-अप्लाइड विभागणी (अकॅडेमिक विषय विद्यापीठाच्या वाटेचे, अप्लाइड जास्त प्रात्यक्षिक) 2022 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली, दहावीत ती आहेच. कृष्णवर्णीय आणि गरीब घरची मुलं अप्लाइडमध्ये जास्त ढकलली जात. सही करण्याआधी विषय नीट वाचा.

एकटेपणा? पहिला हिवाळा जड जातो, मग निभतं.

जड जातं ते वेगळंच: हे सगळं आपल्याकडेही होतं, हे उमगणं. मुंबईत आडनाव ऐकून घर नाकारलं जातं, 'राहता कुठे' विचारून माणूस जोखला जातो. माझं आडनाव तिथे चालून जायचं, म्हणून मला ते कधी बोचलं नाही. याची लाज वाटते.

आता कागद. बायोडेटा दोन पानी ठेवा. त्यातून फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव काढा. काही गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टशी ते जुळत नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच करून घ्या. बायकोचं लग्नाआधीचं नाव असेल तर तिचंही. एचआर दोन ओळींचा दाखला देतं, तो चालत नाही. कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लिहिलेलं पत्र राजीनाम्याआधी हातात घ्या. नंतर कोणी फोन उचलत नाही.