मागच्या रांगेतील जागा : एका तरुण नर्तिकेस पत्र

पाचपाखाडी, ठाणे

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतच्या चित्रफिती मिळाल्या. वाणिज्य शाखेचे शेवटचे वर्ष अर्धवट सोडून नाचाच्या कामांसाठी अंधेरीत खोली घ्यावी का, हा तुझा पहिला प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते : घेऊ नकोस. ऐरोलीहून ठाण्याला यायचे, गाडी बदलून घाटकोपरला उतरायचे आणि तिथून मेट्रोने डी. एन. नगर किंवा वर्सोवा गाठायचे, हा प्रवास कंटाळवाणा असला तरी रोजच्या आवाक्यातला आहे. चौघींनी वाटून घेतलेल्या खोलीचे भाडे मात्र हाताला काम नसलेल्या महिन्यातही भरावेच लागते, आणि भाड्याच्या धाकाने पत्करलेले काम बहुधा पत्करू नये असेच असते. पदवी पूर्ण कर. पदवी पाहून कोणी नाचाचे काम देत नाही हे खरे, पण बिल कसे करावे, कापलेला कर परत कसा मिळवावा आणि करारातील कोणते कलम अंगलट येईल हे ज्याला कळते, असा नर्तक या क्षेत्रात शोधावा लागतो.

आता चित्रफितींविषयी. तू चांगली नाचतेस. अंगात लय आहे, मान आणि खांदे मोकळे आहेत, चेहरा बोलका आहे. परंतु प्रत्येक चित्रफितीत कॅमेरा कमरेच्या वर आहे, दर चार मात्रांनी दृश्य तुटते आणि मध्यभागी कायम तूच आहेस. समाजमाध्यमांसाठी ते योग्यच आहे, पण पॉप संगीताच्या व्यवसायात मध्यभागी गायक असतो, आणि त्याच्या मागे किंवा बाजूला उभे राहून त्याचे गाणे मोठे दिसेल असे नाचणे यासाठी तुला पैसे मिळणार असतात. हे काम कमी प्रतीचे आहे असे तुझ्या पत्राच्या सुरातून जाणवले, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिते. एकटीने नाचणे आणि रांगेत नाचणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि पहिले येते म्हणून दुसरे आपोआप येत नाही.

रांगेतील नर्तकाला सर्वांत आधी लागते ती ग्रहणशक्ती. नृत्यदिग्दर्शकाचा साहाय्यक आठ-आठ मात्रांचे तुकडे भराभर दाखवत जातो, बसवलेले कडवे दुपारनंतर बदलते, आणि बदललेले कडवे रात्री कॅमेऱ्यासमोर असे करावे लागते की जणू महिनाभर तेच घोटले आहे. त्यातच आरसा काढून घेतला जातो, समोरची दिशा बदलते, डावीकडून शिकलेले उजवीकडून करावे लागते. शेजारीण आजारी पडली तर तिची जागा तुला दिली जाते. तिची पावले तुझीच असली, तरी तिच्या वाटा वेगळ्या असतात. दोघांच्या मधल्या फटीतून आपण दिसले पाहिजे, आणि पुढचा अर्धे पाऊल सरकला तर आपणही कोणाला न कळता सरकले पाहिजे, याला आमच्याकडे ‘विंडो पकडणे’ म्हणतात. ज्या मुलीला विंडो पकडता येते, तिला दुसऱ्यांदा बोलावणे येते. हात सर्वांत उंच नेणारी मुलगी पहिल्या दिवशी सर्वांच्या नजरेत भरते आणि दुसऱ्या दिवशी तिला तो हात खाली आणायला सांगितले जाते.

प्रत्यक्ष मैफलीतील काम याहून अवघड असते, आणि ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017 मध्ये जस्टिन बीबरचा, 2019 मध्ये यू टू यांचा आणि जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचा कार्यक्रम झाला, तेव्हा तुझ्या वयाच्या कितीतरी मुलांनी आपणही कधी त्या मंचावर असू असे मनात म्हटले असेल. इतक्या मोठ्या मैदानात आवाजाचे काय होते ते मात्र समजून घे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मिनिटाला 120 ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर असते, आणि तुझ्यापासून पन्नास मीटरवर असलेल्या ध्वनिक्षेपकातील आवाज तुझ्या कानावर जवळजवळ पंधरा शतांश सेकंद उशिरा येतो. त्या आवाजावर नाचशील तर ठोक्याच्या पाव भागाहून अधिक मागे पडशील, आणि शेजारची मुलगी मंचावरच्या मॉनिटरच्या, म्हणजे कलाकारांकडे तोंड करून ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाच्या, आवाजावर नाचत असेल तर तुम्हा दोघींमधली तफावत शेवटच्या ओळीतल्या प्रेक्षकालाही दिसेल. गायकाच्या आणि वादकांच्या कानात इअरफोनमधून ठोका वाजत असतो; नर्तकांच्या कानात तो बहुधा नसतो. म्हणून ध्वनिचाचणीच्या वेळी मंचावर फिरून आपल्या जागेवर मॉनिटरचा आवाज नीट पोहोचतो की नाही ते पाहावे, पोहोचत नसेल तर साहाय्यकाला तेव्हाच सांगावे, आणि तरीही काही जमले नाही तर ड्रमवाल्याच्या हातावर नजर ठेवावी. डोळ्यांना दिसणारा ठोका कधी उशिरा येत नाही.

गायकाकडेही लक्ष हवे. लोक गाऊ लागले की तो धृपद आणखी दोनदा घेतो, मधेच मंचाच्या टोकाला जातो, कधी तुझ्याच वाटेत येऊन उभा राहतो. तेव्हा कोणत्या तुकड्याकडे परतायचे हे तालमीत ठरलेले असते, परंतु ते ओळखायचे तुझे तुलाच असते. (तालमीला न येणारे गायकही असतात. त्यांच्यासाठी साहाय्यकाने मधोमध उभे राहून गायकाचे सोंग करावे लागते, आणि साहाय्यक गायकापेक्षा बराच शिस्तीचा असल्याने त्या तालमीचा उपयोग मर्यादित असतो.)

म्युझिक व्हिडिओच्या चित्रीकरणात वेगळी अडचण येते. चित्र संथ गतीत हवे पण ओठ गाण्याशी जुळायला हवेत, अशा वेळी कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 48 चौकटी (फ्रेम) टिपतो आणि सेटवर गाणे दुप्पट वेगाने लावले जाते; पडद्यावर चित्र निम्म्या वेगाने दाखवले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात. मिनिटाला शंभर ठोक्यांचे गाणे दोनशेचे होते. तू घोटलेला डौल त्या वेगात हाती राहत नाही, आणि पडद्यावर मात्र तुझी हालचाल पाण्यातून चालल्यासारखी सावकाश दिसणार असते, म्हणजे बोटांची घाई, पापण्यांची उघडझाप, तोल सावरताना उडालेला खांदा, सगळे दुप्पट वेळ दिसते. घरी मोबाइलवर गाण्याचा वेग वाढवून सराव करता येतो. रोज थोडा वेळ कर; हे करणारे फार थोडे आहेत.

कथकाच्या परीक्षा पुढे देऊ की ‘जुने’ म्हणून सोडून देऊ, असे विचारले आहेस. सोडू नकोस. वाशीच्या गांधर्व महाविद्यालयाच्या प्रमाणपत्राला ऑडिशनमध्ये कोणी विचारणार नाही, पण तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणण्याची सवय असलेल्या मुलीला गाण्यात आपण कुठे आहोत हे मोजावे लागत नाही, ते ठाऊक असते. हिपहॉप आणि जॅझचे वर्ग त्याच्या जोडीला घे, उंच टाचांवर नाचण्याचा सराव कर. त्याबरोबर एक गोष्ट आग्रहाने सांगते, कारण नव्या मुलांना तिची लाज वाटते : आपल्या खाडीच्या दोन्ही काठांवर आगरी-कोळी गाण्यांचा भरभक्कम बाजार आहे. हळदीची गाणी, कोळीगीते, एकवीरा आईची गाणी सतत चित्रित होत असतात. उरण-अलिबागकडच्या किनाऱ्यावर एका दिवसात अख्खे गाणे उरकले जाते. पैसे बेताचेच मिळतात, परंतु कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचा इतका सराव इतक्या जवळ दुसरीकडे मिळणार नाही. शिवाय बऱ्याच कोळीगीतांचा झोका सहाचा असतो, आणि केवळ आठच्या मोजणीवर वाढलेले उत्तम नर्तक त्यात चक्क अडखळतात. गुडघे सैल ठेवून, वल्ह्याच्या ओढीबरोबर कमरेतून झुकत ते पाऊल घ्यायचे, हे चेंदणी कोळीवाड्यातील एखादी आजी तुला नामांकित वर्गापेक्षा चांगले दाखवील.

कामे कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे नर्तक जमवून देणाऱ्या मध्यस्थाच्या, व्हॉट्सॲप गटांतून येतात. उंची, वय, नाचाचा प्रकार, तारीख आणि ‘फुल लेंग्थ व्हिडिओ पाठवा’ एवढाच संदेश असतो, आणि पहिल्या तासाभरात पाठवणाऱ्यांतून निवड होते, म्हणून साध्या कपड्यांतील, डोक्यापासून पायांपर्यंत दिसणारी, न तोडलेली चित्रफीत कायम तयार ठेव. कोऑर्डिनेटर मानधनातून आपला हिस्सा घेतो, ही रीत आहे. किती घेतो ते आधी विचारावे. परंतु ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा ‘पोर्टफोलिओ’साठी जो आधी पैसे मागतो, त्याचा धंदा नाचाचा नसून तुझ्यासारख्या मुलींच्या आशेचा आहे, असे समजून तो क्रमांक बंद कर. चित्रपटांच्या गाण्यांत नियमित काम करायचे ठरले तर नर्तकांच्या सिने डान्सर्स असोसिएशनचे सभासदत्व आणि नियम यांची चौकशी कार्यालयात स्वतः जाऊन कर. मध्यस्थाच्या तोंडून ऐकू नकोस. रात्रीच्या चित्रीकरणानंतर घरपोच गाडी मिळणार का, हे होकार देण्यापूर्वी विचारायचे. या प्रश्नाने ज्याला राग येतो त्याचे काम गेलेले बरे.

पैशांविषयी मुली बोलायला संकोचतात, म्हणून स्पष्ट लिहिते. तालमीच्या दिवसांचे वेगळे पैसे आहेत का, शिफ्ट किती तासांची, ती लांबली तर काय, पोशाखाच्या मापासाठी जाण्याचा दिवस कोणाच्या खर्चाने, आणि पैसे कधी मिळणार, एवढे तरी लेखी घे. करार नसेल तर आपणच संदेश लिहून ‘बरोबर आहे ना?’ असे विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. कामानंतर दोन-तीन महिन्यांनी पैसे येणे इथे सर्रास चालते. म्हणूनच डिसेंबरमधील शाळांची स्नेहसंमेलने, लग्नसराईतील संगीताचे कार्यक्रम, नवरात्र यांना हलके समजू नकोस. घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांत संगीतासाठी वधूच्या मामा-मावशांना नाचवून जे मानधन मिळते, ते कित्येकदा त्याच रात्री हातात पडते, आणि ज्यांना नाचता येत नाही त्यांना अर्ध्या तासात चार पावले शिकवणे ही पुढे साहाय्यक होण्याची उत्तम तालीम आहे.

कायद्याने तुझे स्थान काय, हेही माहीत असू दे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या व्याख्येत नर्तकाचा उल्लेख आहे, परंतु 2012 च्या दुरुस्तीने त्याला एक अट जोडली : चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला कलाकार मानले जात नाही, आपल्या कामाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्यापुरता त्याचा हक्क उरतो. कायद्याच्या दृष्टीने म्युझिक व्हिडिओही ‘चित्रपट’च असतो. तेव्हा श्रेयनामावलीत नाव मागणे हा मानापमानाचा प्रश्न नाही, तो तुझ्या हक्काचा आधार आहे. गाण्याखालच्या वर्णनात सर्व नर्तकांची नावे टाका, असे विनयाने आणि चित्रीकरणापूर्वी सांगावे; नंतर कोणी ऐकत नाही. उद्या तू स्वतः नृत्य बसवू लागलीस तर त्याच कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृतीत धरले आहे, मात्र ती लिहून किंवा अन्य रीतीने नोंदलेली हवी. चित्रफीत, तारीख आणि कोणासाठी केली याची नोंद जपून ठेव. अमेरिकेत जाक्वेल नाइट यांनी बियॉन्सेच्या 2008 च्या गाण्यासाठी बसवलेल्या रचनेची कॉपीराइट नोंदणी 2020 मध्ये झाली. इतकी गाजलेली रचना, तरी मध्ये बारा वर्षे गेली.

शरीराविषयी थोडक्यात. सेटवरची जमीन बहुतेक वेळा सिमेंटवर टाकलेल्या प्लायवूडची किंवा निसरड्या चकचकीत पृष्ठभागाची असते, आणि ‘मार्क’ करायला, म्हणजे जोर न लावता पावले नुसती दाखवायला, सांगितले असतानाही पूर्ण जोराने उड्या मारणाऱ्यांचे घोटे आणि गुडघे आधी जातात. मार्क म्हटले की मार्कच कर. पायाची शीर ताणली गेली तर त्याच दिवशी सांग, आणि अपघाताचा विमा स्वतःच्या पैशाने काढ.

पुढे काय, याचे उत्तर मी सरोज खान यांच्या उदाहरणाने देईन. त्या पन्नासच्या दशकात समूहनर्तिका होत्या, नृत्यदिग्दर्शक बी. सोहनलाल यांच्या हाताखाली साहाय्यक झाल्या, आणि स्वतंत्र नृत्यदिग्दर्शिका म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 1974 मध्ये आला. नृत्यदिग्दर्शनाला फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाला तो 1989 मध्ये, आणि पहिला त्यांनाच मिळाला. तेव्हा जाणारी वर्षे आज लागतीलच असे नाही. तरीही दुसऱ्याचे काम बारकाईने पाहत साहाय्यकपदापर्यंत येणे ही वाट अजून चालू आहे, आणि तुझ्यासारख्या घोकून-समजून शिकणाऱ्या मुलीला ती इतरांपेक्षा लवकर सापडेल असे मला वाटते.

तूर्तास एवढे कर. चौघी मैत्रिणींना घेऊन एका गाण्याचे एक कडवे बसव, स्वतः दुसऱ्या रांगेत डावीकडे उभी राहा, मध्यभागी दुसरीला ठेव, आणि न तोडता, सर्वांचे पाय दिसतील अशी चित्रफीत घे. मग प्रत्येकीशी जागा बदलून तेच कडवे पुन्हा. परीक्षा संपल्यावर ती सर्व माझ्याकडे पाठव, म्हणजे कोणत्या कोऑर्डिनेटरशी तुझी गाठ घालून द्यायची ते मी ठरवीन. आईवडिलांना नमस्कार सांग. त्यांना काही विचारायचे असेल तर रविवारी सकाळी घरी घेऊन ये.

कळावे,
तुझी शुभचिंतक ताई