सुरुवातीला एवढंच सांभाळा
दवाखान्यात मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या सगळ्या सेवा एकदम जोडायला जाऊ नका. आधी हे पक्कं करा:

१. नुसती चिठ्ठी देऊन पेशंटला पाठवू नका. सोबत जाऊन समुपदेशकाशी ओळख करून द्या. चिठ्ठीवर पाठवलेले अनेकजण पोहोचतच नाहीत. सुरुवातीला माझ्याकडूनही असेच काही सुटले, त्याची खंत आजही आहे.

२. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ सांगू नका. अचानक थांबवल्यास साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर.

३. पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मधला नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा. होकार आला तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी बोला.

न आलेल्यांना दर आठवड्याला फोन करा. त्यासाठी साधी वही पुरते, सॉफ्टवेअरचं नंतर बघू.