काचेतली पैठणी आणि पदराची मागची बाजू

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी साडी पाहत असताना एका मोठ्या दुकानाच्या काचेत मांडलेली डाळिंबी पैठणी पाहताक्षणी मनात भरली आणि हातमागाची म्हणून ती घेतली. घरी दिवसाच्या उजेडात तीच साडी जांभळट दिसू लागली; पदराच्या मागे तर सुटे धागे लोंबत होते. दुकानदार म्हणतात, साडी तुम्हीच पसंत केलीत. ही फसवणूक मानावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या तक्रारीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. रंगाचे कारण दुकानातले पिवळसर दिवे हे असावे. त्या प्रकाशात निळा अंश कमी असल्याने साडीची जर झळाळते, लाल छटा खुलते आणि जांभळी दबून जाते. मांडणी ही दुकानदाराची कला आहे, तिला मी फसवणूक म्हणणार नाही; साडी दाराशी नेऊन उजेडात पाहू देण्यास चांगला दुकानदार कधी नकार देत नाही.

पदराची गोष्ट मात्र गंभीर आहे. पारंपरिक पद्धतीने विणताना मोराच्या पिसाऱ्यातला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीवरून येतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवला जातो, त्यामुळे असा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावर रंगीत धागे नक्षीच्या मागून मोकळे धावतात आणि नंतर कापले जातात. आपल्याला दिसले ते बहुधा हेच धागे. काचेत ही बाजू कुणालाच दिसत नाही. साडीवर 'सिल्क मार्क' असेल तरी तो फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो, ते हातमागावर विणल्याचे नव्हे, आणि नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते.

यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून विकणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि 'तुम्हीच पसंत केलीत' हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. पावतीवर 'हातमाग' हा शब्द आहे का ते पाहा, येवल्याच्या एखाद्या जाणत्या विणकराकडून लेखी अभिप्राय घ्या आणि दुकानाला पत्र द्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तोवर साडीला फॉल-पिको करू नका आणि मागचे धागे कापू नका, कारण आपला मुख्य पुरावा तेच आहेत.