वेग वाढला की लाल दिवा

प्रश्न : माझ्या जुन्या, डायनॅमोच्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा इंजिन सुरू होताच विझतो; पण वेग वाढवला की पुन्हा मंद पेटतो. डायनॅमो बदलू का?

उत्तर : थांबा! डायनॅमो बहुधा निर्दोष आहे. त्या बल्बच्या एका टोकाला बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज), दुसऱ्याला डायनॅमोचा. दोन्ही सारखे असले की दिवा विझतो. वेगाबरोबर तो उजळतो, म्हणजे डायनॅमो जोरात आहे, पण वीज वाटेत अडते. (वेगाबरोबर मंदावून पुरता विझत नसता, तर मीही डायनॅमोचे कार्बन ब्रश आधी पाहिले असते.)

इंजिन पळवून व्होल्टमीटर कंट्रोल बॉक्सच्या (डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामधल्या पेटीच्या) ‘डी’ म्हणजे डायनॅमोकडच्या आणि ‘ए’ म्हणजे बॅटरीकडच्या टोकांना लावा. काटा जवळजवळ शून्यावर हवा. एखादा व्होल्ट दिसला, तर कट-आउटचे (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारे संपर्क, काजळलेत. बॅटरीची वायर काढा, बारीक काचपेपरची पट्टी पॉइंटमधून ओढा, मग स्पिरिटने पुसा. एमरी पेपर नको. माझा एक कट-आउट मी त्यानेच बिघडवला होता. वायरी जोडलेले नटही आवळा.

चावी बंद असतानाही दिवा जळला, तर पॉइंट चिकटलेत. आधी बॅटरी सोडवा, नाहीतर डायनॅमो जळेल.