घंटागाडी येत नाही, दंडाची नोटीस मात्र आली

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत, खाडीलगतच्या वाडीत आमचं घर आहे. शिमग्यापासून घंटागाडी वरच्या रस्त्यानेच निघून जाते, पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून कुणी येत नाही. ऑफिसात फोन केला की 'ठेकेदाराला सांगा', ठेकेदाराचा मुकादम म्हणतो 'माणसं कमी आहेत'. लोक आता पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला, आमच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून कचरा टाकतात. आणि उघड्यावर कचरा टाकल्याची नोटीस मलाच आली! घरपट्टी भरणं थांबवू, की ठेकेदारावर केस करू?

उत्तर: दोन्ही नको. घरपट्टी हा कर आहे, घंटागाडीचं बिल नव्हे. ती अडवलीत तर थकबाकी तुमच्या नावावर चढेल आणि तक्रार घेऊन गेलात की समोरचा आधी तीच काढेल. घरपट्टी हे सेवेचं बिल नाही, म्हणून ग्राहक आयोगाचा विचारही सोडा. ठेकेदाराशी तर तुमचा करारच नाही. कचरा उचलणं हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे परिषदेचं बंधनकारक कर्तव्य, आणि तो घरोघरी जाऊन गोळा करण्याची जबाबदारी घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्थानिक संस्थेवरच टाकली. काम ठेक्याने देता येतं, जबाबदारी नाही. गाडी उतरत नसेल तर परिषदेने टोपली घेऊन माणूस उतरवावा, एवढंच त्याला उत्तर.

आधी नोटिशीचं बघा. दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या: ढीग तुमचा नाही, गाडी कधीपासून येत नाही, तुमच्या घरच्या कचऱ्याचं तुम्ही काय करता. ओला कचरा माडाच्या आळ्यात जात असेल तर तेही लिहा, फोटो जोडा. मात्र पातेऱ्यासोबत (वाळल्या पाल्यासोबत) प्लास्टिक पेटवत असाल तर आजच थांबवा. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये भरायला लावण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायासनाने) २०१६ मध्येच दिलेला आहे, आणि परिषदेला आयतं कोलीत कशाला द्यायचं?

तुमच्या पत्रात खटकलं ते हे की फोन भरपूर झाले, कागद एकही नाही. फोनवरची तक्रार 'आलीच नाही' म्हणायला कुणाला काही लागत नाही. वाडीतल्या जितक्यांच्या मिळतील तितक्यांच्या सह्या घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. त्याच दिवशी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्जही द्या. ठेक्याच्या करारातला तुमच्या वाडीचा मार्ग, गाडी न आल्यास दंडाची अट, गाडीचं लॉगबुक आणि ठेकेदाराला दिलेली बिलं मागा. दीडशे शब्दांत बसवा, विषय एकच ठेवा. न आलेल्या गाडीचं बिल निघालेलं दिसलं, तर पुढचं भांडण निम्मं तिथेच संपतं. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पहिलं अपील.

तोवर प्रांतांकडे जायला थांबू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश प्रांताधिकारी दंडाधिकारी म्हणून देऊ शकतात. हे कलम म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. त्याच्याच जोरावर मध्य प्रदेशातल्या रतलामचे रहिवासी आपल्या नगरपालिकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. पैसे नाहीत ही सबब सांगून पालिकेला आपलं कर्तव्य टाळता येत नाही, असं न्यायालयाने १९८० मध्ये बजावलं. 'माणसं कमी आहेत' ही त्याच सबबीची धाकटी बहीण. अर्जात पावसाचा मुद्दा ठळक घाला: पऱ्याला पाणी आलं की तो ढीग खाडीत जाणार. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पण प्रांत ऑफिसात तारखेला हजर राहावं लागेल. वाडीतल्या एकाने तरी ते अंगावर घ्यावं.

एवढ्यानेही हाललं नाही तर हरित लवाद. कोकणासाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात बसतं. तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका. शिमग्यापासून मोजलं तर गणपतीच्या सुमारास मुदत भरते. त्या गडबडीत कुणी पुण्याला जाणार नाही, तेव्हा कागद श्रावणातच तयार ठेवा.