क्षमा करायची म्हणजे सही करायची का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई हयात आहे, आम्ही दोनच भावंडं. भाऊ म्हणतो, लग्न झालेल्या बहिणीने हक्कसोडपत्र द्यायचं असतं. मी नकार दिल्यापासून त्याने बोलणं टाकलंय. नातेवाईक ऐकवतात, 'येशूने सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलंय, सही करून मोकळी हो.' आता मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायचीही भीती वाटते. (एक वाचक, वसई)

उत्तर : ताई, तुमच्यावर शुभवर्तमानाचं अर्धंच वाक्य लादलं जातंय. लूकच्या शुभवर्तमानातलं १७:३ (अध्याय १७, वचन ३) पूर्ण वाचा : भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखवणं हे क्षमेच्या आधी येतं, आणि तीही येशूचीच आज्ञा आहे. जक्कय हा जकातदार बदलला तेव्हा त्याने नुसती माफी मागितली नाही, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करायचं कबूल केलं (लूक १९:८).

'सत्तर वेळा सात'च्या लगेच पुढे मत्तयाने निर्दय चाकराचा दाखला दिला आहे : राजाने ज्याचं प्रचंड कर्ज माफ केलं, त्याच चाकराने आपल्या सोबत्याला त्याहून लहान देण्यासाठी सोडलं नाही. त्यातले आकडे बघा. एका दीनाराला एक दिवसाची मजुरी. एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार. राजाने माफ केलेलं कर्ज दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. सोबतीचं देणं शंभर दीनार. आपण प्रवचनात ते 'क्षुल्लक' म्हणून सोडून देतो, पण शंभर दिवसांची मजुरी कुठल्याही मजुराला क्षुल्लक नसते. येशू तुमचं नुकसान खोटं ठरवत नाही. चाकराचा दोष हा, की त्याने गळा धरला आणि सोबत्याला तुरुंगात टाकलं. तुमच्यापुरता अर्थ असा : भावाचं वाईट चिंतू नका, त्याच्या मुलांशी अबोला धरू नका. वाटा मागणं हे गळा धरणं नव्हे.

हिशेबही स्पष्ट असू द्या. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राशिवाय गेला, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी समान. तुमच्या घरी आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. लग्नाने मुलीचा वाटा जात नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड, म्हणून दबावाखाली सही नको. मनापासून द्यायचं असेल तर जरूर द्या, पण ते दान होईल. त्याला क्षमा म्हणू नका.

आता समेटाची वाट मत्तय १८:१५-१७ मध्ये आहे. आधी एकट्याने जा. सण, बारसं, मयत टाळून साधा दिवस निवडा, सातबाऱ्याचा उतारा सोबत घ्या. मोजकं बोला : 'भांडायला आले नाही. माझा वाटा मला हवाय. तुझ्या मनात काय आहे ते सांग.' मग ऐकून घ्या. आईच्या औषधपाण्याचा खर्च त्याने एकट्याने केला असेल तर तो हिशेबात धरायला हवा. नाही जमलं तर एक-दोन माणसं घेऊन जा. ती दोघांनाही मान्य असलेली हवीत. नवरा आणि दीर नेलेत तर ती फौज होते. ठरेल ते तिथेच कागदावर लिहा. त्यानंतर फादर. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो : आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज जातो, मग गावभर चर्चा होते, आणि समोरासमोर बोलणं राहूनच जातं. दरम्यान फेरफाराची नोटीस आली तर मुदतीत तलाठी कार्यालयात लेखी हरकत द्या. त्यात पाप नाही.

एवढं करूनही तो ऐकला नाही, तर वचन म्हणतं, त्याला जकातदारासारखा मान, म्हणजे तेव्हा लोक ज्यांना पापी समजून दूर ठेवत त्यांच्यासारखा. जकातदारांशी येशू कसा वागला? त्यांच्या पंक्तीला बसला (मत्तय ९:१०). तेव्हा नाताळचा फराळ भावाकडे पाठवणं थांबवू नका.

कम्युनियनबद्दल : मत्तय ५:२३-२४ मध्ये दान वेदीपाशी ठेवून आधी समेटाला जायला सांगितलंय. वेदी यरुशलेमेत, ऐकणारे गालीलातले, म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. इतकं ते तातडीचं. पण येशू मागतो तुमचं पाऊल. भावाचा होकार तुमच्या हाती नाही. पाऊल टाकलं असेल आणि मनात सूड नसेल, तर कम्युनियन घ्या. तरीही मन खात राहिलं तर कुमसाराला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) जा.

प्रश्न : रोज शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचतो, पण संध्याकाळी काही आठवत नाही.

उत्तर : एक अध्याय फार होतो. मत्तयाचा पाचवाच घ्या : ४८ वचनं, त्यात राग, व्यभिचार, शपथ, सूड, शत्रूवर प्रीती, सगळं एकदम. डोंगरावरचं प्रवचन (अध्याय ५ ते ७) १११ वचनांचं आहे. रोज आठ-दहा वाचलीत तर दोन आठवड्यांत होईल. एकदा मोठ्याने, एकदा मनात वाचा. कोण कोणाला बोलतोय आणि आज्ञा नेमकी कोणती, ते पेन्सिलीने अधोरेखित करा. मग एकच कृती ठरवा, तीही माणूस आणि वेळ धरून. 'आज प्रेमाने वागेन' हा संकल्प दुपारपर्यंत टिकत नाही. 'सहा वाजता मावशींना फोन करून सॉरी म्हणेन' हा टिकतो. रात्री वहीत एवढंच लिहा : केलं, किंवा का राहिलं.

प्रश्न : चर्चच्या बांधकामाला देणगी दिली. देणगीदारांच्या फलकावर नाव लावलेलं चालेल का?

उत्तर : मत्तय ६:३ म्हणतं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. पावती जरूर घ्या, चर्चच्या हिशेबासाठी ती लागते. फलकासाठी मात्र समितीला नाव घालू नका असं कळवा. कारण सांगत बसायची गरज नाही.